तीन मिनिटांचा तुकडा

मुलांनो, जरा थांबा आणि एक खोली डोळ्यांसमोर आणा. लहानशी, उकडणारी, लोखंडी जिना चढून गेल्यावर लागणारी. तिच्यात माणसापेक्षा उंच अशी दोन यंत्रं शेजारीशेजारी उभी आहेत आणि त्यांतलं एक सारखं खडखडतं आहे. समोरच्या भिंतीत चार भोकं आहेत. दोन यंत्रांसाठी, एक यंत्र चालवणाऱ्यासाठी, आणि चौथं, कोपऱ्यातलं, का ठेवलं ते कुणालाच माहीत नाही. त्या चौथ्या भोकापाशी एक उंच स्टूल ठेवा. त्यावर नऊ वर्षांची एक मुलगी बसवा. पाय जमिनीला पोचत नाहीत, म्हणून तिने ते स्टुलाच्या आडव्या दांडीत अडकवले आहेत. नाक भिंतीला टेकलं आहे. खाली अंधारात शेकडो डोकी दिसताहेत आणि त्यांच्या पलीकडे पडद्यावर सिनेमा चालू आहे.

आता तिच्याकडे बघा. संकोच करू नका, इथे अंधार आहे आणि तिचं लक्ष नाही. चेहऱ्याची उजवी बाजू कुठल्याही मुलीची असते तशी. डाव्या बाजूला डोळ्याखालून निघालेला, गालभर पसरून मानेपर्यंत उतरलेला गडद जांभळा डाग. जन्मापासूनचा. तो दुखत नाही, खाजत नाही, दुसऱ्याला लागत नाही आणि जातही नाही. डॉक्टर म्हणाले होते, पोरगी ठणठणीत आहे. ती होतीच ठणठणीत. घरात तिला सगळे बारकी म्हणत.

सगळे म्हणजे दोघंच. बारकीचे बाबा या सिनेमागृहाचे ऑपरेटर होते, म्हणजे ती दोन यंत्रं चालवणारे. आई खाली तिकिटाच्या खिडकीत बसायची. त्या खिडकीच्या जाळीला तळाशी एक अर्धगोल भोक होतं, त्यातून हात तेवढा आत यायचा. इतक्या वर्षांनी आईला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि हातांवरून जास्त ओळखू यायची. बाबांना माणसांची फक्त टाळकी दिसायची. आणि बारकी त्या दोघांची लेक. तिनेही आपल्यासाठी एक भोक शोधून काढलं होतं. तिथून तिला सगळं जग दिसे आणि जगाला ती दिसत नसे.

शाळेत तशी सोय नव्हती.

शाळेत तिला कुणी मारत नव्हतं. तिचा डबा कुणी पळवत नव्हतं. डबा पळवायला निदान जवळ तरी यावं लागतं. शेवटच्या, दोघींच्या बाकावर ती एकटी बसायची आणि शेजारच्या जागेवर दप्तर ठेवायची, म्हणजे जागा रिकामी आहे असं वाटू नये. वर्गाचा एक खेळ होता. बारकी दोन बाकांच्या मधून चालली की ज्याच्या त्याच्या बाह्या आत ओढल्या जायच्या, जणू तिचा रंग कपड्यांना लागेल. "शाई आली रे, शाई सांडेल," कुणीतरी हळूच म्हणायचं. पहिलीपासून तिचं नाव शाई पडलं होतं. आता ती चौथीत होती आणि मुलं ते नाव इतक्या सवयीने घेत, की त्यात आपण काही वाईट करतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

यातलं एक अक्षरही तिने घरी सांगितलं नव्हतं. बाबा रोज विचारायचे, शाळेत काय झालं, आणि ती भूगोलात काय झालं, गणितात काय झालं ते सांगायची. भूगोल आणि गणित खरंच झालेले असत, त्यामुळे हे खोटं बोलणं आहे असं तिला वाटत नसे.

त्या आठवड्यात नवीन सिनेमा आला. सिनेमा यायचा तो पत्र्याच्या गोल डब्यांतून, एकेका डब्यात एकेक रीळ. बाबांची एक रीत होती. लोकांना दाखवण्याआधी ते सगळा सिनेमा रिकाम्या थिएटरात एकदा चालवून बघायचे. कुठे फिल्म फाटली आहे, कुठला जोड कच्चा आहे, कुठे आवाज पुढेमागे होतो आहे, सगळं डोळ्यांत तेल घालून तपासायचे. काही ऑपरेटर घरी लवकर जायला मिळावं म्हणून मधलं एखादं गाणं कापून ठेवतात. बाबांना त्या माणसांचा मनस्वी राग. आपण पोस्टमन आहोत, ते म्हणायचे, पत्र पोचवायचं, त्यातल्या ओळी खोडायच्या नाहीत. वीस वर्षांत त्यांनी वीतभर फिल्मसुद्धा कमी केली नव्हती.

शाळेला सुट्टी होती, म्हणून बारकी स्टुलावर होती. खाली रिकाम्या खुर्च्यांत फक्त डोअरकीपरकाका बसले होते, मांडीवर बॅटरी आणि हातात शेंगदाण्यांची पुडी घेऊन. डोअरकीपरकाका म्हणजे भारी माणूस. नायक मेला तरी हसणारा. इतकी मरणं पाहिली आहेत मी या पडद्यावर, ते म्हणत, आणि दुसऱ्या खेळाला सगळे परत जिवंत.

सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला बारकीचे पाय दांडीतून सुटले. सिनेमातल्या मुलाच्या गालावर डाग होता. लालसर, मोठा, भुवईपासून हनुवटीपर्यंत.

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिनेही बाबांकडे बघितलं नाही. दुसऱ्या रिळात ती म्हणाली, "बाबा, त्याचा डाग सरकला."

"कसा सरकेल?"

"मगाशी भुवईला लागून होता. आता खाली आलाय."

बाबांनी डोळा लावून बघितलं आणि ते हसले. रंगवलेला आहे गं तो, म्हणाले, रोज नव्याने रंगवत असतील, एखाद दिवशी इकडेतिकडे होणारच.

"म्हणजे तो रोज संध्याकाळी तोंड धुऊन घरी जातो," ती म्हणाली.

यावर बाबा हसले नाहीत.

चौथ्या रिळात ती भिंत आली. शाळा सुटते, पोरं त्या मुलाला मैदानाच्या भिंतीपाशी गाठतात. कुणी त्याला मारत नाही. दोघं फक्त हात धरून ठेवतात, आणि एक जण खिशातून खडू काढतो. हा नकाशा आहे, तो म्हणतो, आणि डागाच्या कडेकडेने पांढरी रेघ ओढायला लागतो. मग आत नदी काढतो. मग रेल्वे. मग बारीक ठिपके, ती गावं. "राजधानी कुठे आहे, बोल," तो विचारतो, आणि बाकीचे हसतात. त्या प्रसंगात गाणं नव्हतं, वाद्यं नव्हती. गालावर खडू घासल्याचा आवाज तेवढा. तीन मिनिटं. मग तो मुलगा घरी येतो, दार उघडून आई बघते तर लेकराचं तोंड पांढऱ्या रेघांनी भरलेलं.

त्या तीन मिनिटांत बारकी पडद्याकडे फार बघत नव्हती. ती खाली डोअरकीपरकाकांकडे बघत होती. त्यांचं तोंड हलायचं थांबलं होतं. पुडीत गेलेला हात पुडीतच राहिला होता. तो मुलगा दारात उभा राहिला तेव्हा त्यांनी बॅटरी पुसायच्या फडक्याने नाक पुसलं, आणि नंतर वर येऊन सांगितलं की थिएटरात धूळ फार झाली आहे.

बारकीने ते मनात पक्कं बांधून ठेवलं. नायक मेला तरी हसणाऱ्या माणसाला त्या तीन मिनिटांनंतर हसता येत नाही.

रीळ उतरवताना बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शाळेत तुला कुणी असं काही म्हणतं का गं?"

"नाही."

"खरं?"

"खरं."

बाबांचा जीव भांड्यात पडला असावा. ते शीळ घालत रीळ गुंडाळू लागले, पण शीळ मधेच थांबली.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी सांगितलं की शनिवारी सकाळी तिसरी-चौथीला सिनेमा दाखवायला नेणार आहेत. फार शिकण्यासारखा सिनेमा आहे, असं म्हणताना बाईंची नजर शेवटच्या बाकाकडे गेली. बाई मनाने चांगल्या होत्या, त्यांना तसं काही करायचं नव्हतं, पण बाईंची नजर जिथे जाते तिथे चाळीस मुलांची जाते. बारकीने दप्तरात काहीतरी शोधायला सुरुवात केली आणि सगळे पुन्हा पुढे वळेपर्यंत शोधत राहिली.

घरी तिने जाहीर केलं की शनिवारी आपण खाली बसणार. वर्गाबरोबर.

बाबा म्हणाले, वरूनच छान दिसतं की. स्टुलाला नवी उशी करतो. खाली पुढच्याचं डोकं मधे येतं. आणि खाली मुलं गोंधळ घालतात, काही ऐकू यायचं नाही. आई भांडी विसळत होती. "बसू दे की हो," ती म्हणाली. "तिच्याच वर्गातली पोरं आहेत." आपण नको का म्हणतो आहोत ते बाबांना सांगता येत नव्हतं, आणि आपल्याला का बसायचं आहे ते बारकीलाही सांगता येत नव्हतं.

तुम्हाला मात्र ठाऊक आहे. जे चार वर्षांत तिला एकदाही बोलता आलं नव्हतं, ते सिनेमातली ती तीन मिनिटं बोलणार होती. शेंगदाण्यांची पुडी जशी थांबली, तसा वर्ग थांबणार होता. आणि त्यानंतर सोमवारी, कदाचित, तिला शेजारच्या जागेवर दप्तर ठेवावं लागणार नव्हतं. एवढीच तिची आशा. ती तिने कुणालाही दाखवली नव्हती.

शनिवार आला. दोन रांगा करून मुलं आली, आईच्या खिडकीसमोरून गेली. बारकी वर्गाबरोबर आत शिरली, आणि तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं वरून पाहिलेलं हे थिएटर खालून तिला अनोळखी आहे. खुर्च्या उंच होत्या. पडदा आभाळाएवढा होता. तिच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी राहिली, आणि त्या खुर्चीपलीकडे दोन वेण्यांची मुलगी बसली, ती थोडी दुसऱ्या बाजूला कललेली. बारकीजवळ आज दप्तर नव्हतं. तिने मांडीवर हात ठेवले.

पडद्यावर तो मुलगा दिसला तशी रांगेतली डोकी एकामागून एक वळली. आधी पडदा, मग बारकी, मग पुन्हा पडदा. ती समोर बघत राहिली. पहिलं रीळ, दुसरं, तिसरं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका क्षणभर चमकतो. तो ऑपरेटरसाठी असतो, दुसरं यंत्र सुरू करायची खूण. एवढ्या सगळ्या प्रेक्षकांत तो तिलाच दिसत होता. तिसऱ्यांदा ठिपका चमकला आणि तिने खुर्चीची कड धरली. आता चौथं. आता भिंत.

शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरं धावत बाहेर आली. मैदान दिसलं. मैदानाच्या टोकाला भिंत दिसली.

मग टक् असा एक बारीक आवाज झाला, चित्राने पापणी लवावी तशी हलकी उडी मारली, आणि तो मुलगा एकदम आपल्या घराच्या दारात उभा होता. तोंडभर पांढऱ्या रेघा.

पहिल्यांदा मागून एकच जण हसला. "हा बघा, आईची पावडर फासून आलाय," असं काहीतरी तो म्हणाला, आणि मग सगळं थिएटर खो खो हसायला लागलं. त्यांचं काय चुकलं? त्यांनी खडू पाहिलाच नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच, की डाग असलेला एक मुलगा तोंड रंगवून दारात उभा आहे आणि त्याची आई उगाच रडते आहे. आई रडू लागली तसा हशा आणखी वाढला. त्या हशात मागच्याच रांगेतून कुणीतरी म्हणालं, "शाईवर चुना मारला रे," आणि ते दोन्ही वर्गांना इतकं आवडलं की बाईंना उभं राहावं लागलं.

बारकी हलली नाही. टक् आवाज कशाचा असतो हे तिला चांगलं माहीत होतं. फिल्मला नवा जोड दिलेला असतो, तो यंत्रातून जाताना तसा वाजतो. आणि जोड देणारा माणूस या इमारतीत एकच होता.

मध्यंतर झालं, दिवे लागले, मुलं बाहेर पळाली. ती लोखंडी जिना चढून वर गेली.

बाबा फिल्म जोडायच्या टेबलाशी उभे होते. बाजूला खिळ्यावर फिल्मचं एक भेंडोळं अडकवलेलं होतं, फार मोठं नाही, परडीएवढं. तिने त्याकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. बाबांनी खालचा हशा ऐकला होता. यंत्राच्या खडखडाटातूनही तो वर पोचला होता.

"उद्या परत जोडणार होतो," ते म्हणाले. "फक्त आजच्या खेळापुरतं."

"का काढलंत?"

बाबा भोकाकडे बघत बोलले. "त्यांना ते तसलं काही माहीत नाही ना. तूच म्हणालीस. मग मी कशाला शिकवू? सोमवारी एखाद्याने खडू आणला असता म्हणजे?"

बारकीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिने पहिल्यांदाच ते घरात उच्चारलं, तेही अगदी साध्या आवाजात, पाढा म्हणावा तसं. "त्यांना येतं, बाबा. मला शाई म्हणतात. पहिलीपासून."

यंत्र बंद होतं, त्यामुळे खोली फार शांत होती. बाबांनी खिळ्यावरचं भेंडोळं काढून हातात घेतलं, जणू अजून काही करता येईल. पण चौथं रीळ होऊन गेलं होतं. पुढची रिळं यंत्रांवर चढली होती, खाली दोन वर्ग, आणि मध्यंतराची दहा मिनिटं. त्यातली चार गेलेली. गेलेलं दृश्य पुढे चिकटवून चालत नाही.

"आता इथेच बस," ते म्हणाले. "उरलेला इथूनच बघ. खाली नको जाऊस."

स्टूल जागेवर होतं. त्यावर नवी उशी होती, आईच्या जुन्या साडीची, चारही कोपरे नीट शिवलेले. बारकीने तिच्यावर हात ठेवला. मऊ होती. इथून खाली कोण काय म्हणतं ते ऐकू येत नाही. इथून टाळकी तेवढी दिसतात, आणि टाळकी कुणाला हसत नाहीत. तिने भोकाला डोळा लावला. मुलं परत येत होती. तिची खुर्ची तिला वरून ओळखू आली, कारण तिथे शेजारीशेजारी दोन जागा रिकाम्या होत्या.

मग तिने हात काढला आणि ती जिना उतरली. बाबा दारापर्यंत आले. त्यांनी तिला हाक मारली नाही.

खाली दोन वेण्यांची मुलगी बाईंना विचारत होती की त्याच्या तोंडाला काय लागलं होतं आणि त्याची आई का रडत होती. बाईंनाही ते कळलं नव्हतं. असेल काहीतरी, नाटकात काम करत असेल, त्या म्हणाल्या. दुसरी एक म्हणाली, मग त्यात रडायचं काय? बाई म्हणाल्या, पुढे कळेल.

पुढे कळणार नव्हतं. डोअरकीपरकाका बाहेर दारावर होते; आत हे दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक वर होते.

बारकी आपल्या रांगेपाशी आली, पण आत वळली नाही. मधल्या वाटेने उताराउताराने पुढे गेली. दोन्ही बाजूंनी बाह्या आत ओढल्या गेल्या, सवयीने. पहिली रांग संपली, तिच्यापुढे मोकळी जमीन होती आणि मग पांढरा पडदा. इतक्या जवळून तो पांढरा नव्हताच. त्याला सगळीकडे बारीक बारीक भोकं होती. तिथे पोचून ती वळली. मध्यंतर संपल्याची घंटा झाली.

दिव्यांचं बटण वर बाबांच्या खोलीत होतं, पण दिवे गेले नाहीत. मुलं चुळबुळली, कुणी शिट्टी मारली, बाईंनी मान वळवून वरच्या भोकांकडे पाहिलं. दिवे तसेच राहिले.

सगळी तोंडं समोर होती. टाळकी एकही नाही. तिला वाटलं होतं त्यापेक्षा मुलं फार जास्त होती, आणि ती फार एकटी होती. मागच्या रांगेतून कुणीतरी हसायला सुरुवातही केली.

"मधला एक भाग तुम्हाला दिसला नाही," ती म्हणाली. आवाज पहिल्या तीन रांगांपर्यंतच गेला. तिने पुन्हा, मोठ्याने म्हटलं. "तीन मिनिटांचा आहे. मी पाहिलाय. त्याला भिंतीपाशी धरलं होतं, दोघांनी, असं."

आणि तिने आपला डावा गाल दिव्याखाली वळवला, डोळ्याखाली, जिथून डागाची कड सुरू होते तिथे बोट टेकवलं, आणि खडू फिरला होता तसं ते सावकाश, कडेकडेने खाली न्यायला सुरुवात केली.